उरलेल्या कॉलेजांना शुभेच्छा

आमचं कॉलेज लीगमधून बाहेर पडलं त्या शुक्रवारी सकाळी मी बांगडे साफ करत होतो. 'बाहेर पडलं' असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आम्ही होतो तिथंच होतो, बाकीचे उठून गेले. पण पाचातले तिघं उठून गेले की मागं राहिलेले दोघंच हाकलून दिल्यासारखे दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

हात माशाचे होते म्हणून फोन मुलीनं वाचला. मुलगी अकरावीत आहे, इथल्याच भारतीय शाळेत. शेवाळलेल्या दगडावर पाय टाकावा तशी ती एकेक मराठी शब्द चाचपून बोलते.

"बाबा, तुमच्या व्हॉलीबॉलच्या ग्रुपवर मेसेज आला आहे. इंग्लिशमध्ये आहे. थँक यू म्हणतात, एवढ्या वर्षांच्या आठवणींसाठी. मग द रिमेनिंग कॉलेजेस... रिमेनिंग म्हणजे काय होते?"

"उरलेली."

"हां. उरलेल्या कॉलेजांना शुभेच्छा. आणि मग काका लेफ्ट."

"कोण काका?"

"सेक्रेटरी काका."

बायको शेजारी कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "उरलेली काय? फ्रीजमधली का?"

मी हसलो नाही. आमच्या घरात हा शब्द आजवर आमटीला आणि पोळ्यांना लावलेला होता. माझ्या कॉलेजाला कोणी लावला नव्हता. मी पुढच्या बांगड्याचं डोकं जरा जास्तच जोरानं उडवलं आणि मनाशी म्हटलं, थांब लेका.

आता ही लीग काय होती ते सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला अवास्तव वाटेल. तो होताच अवास्तव, पण सांगतो. मस्कतमध्ये नोकरीला आलेले महाराष्ट्रातल्या पाच कॉलेजांचे माजी विद्यार्थी. एक पुण्याचं इंजिनियरिंग, एक मुंबईचं, एक सांगलीकडचं, एक विदर्भातलं, आणि पाचवं आमचं, कोकणातल्या खाडीकाठचं पॉलिटेक्निक. बाकीचे चौघं डिग्रीवाले, आम्ही डिप्लोमावाले. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी दुपारचं ऊन उतरलं की माबेल्यात गॅरेजांच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हॉलीबॉल. नेटचे खांब म्हणजे दोन लोखंडी पाइप, रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये काँक्रीट ओतून उभे केलेले. पाइप, ड्रम, सिमेंट सगळं आमच्या कॅप्टनच्या दुकानातलं.

कॅप्टन म्हणजे माझ्याहून आठ वर्षांनी लहान. रत्नागिरीजवळच्या एका मोहल्ल्यातला, सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, बांधकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. त्याच्यासारखा स्मॅश आमच्या पाची कॉलेजांत कोणाचा नव्हता. उडी मारली की तो वर जरा थांबतो, खाली कोण कुठं उभं आहे ते बघतो आणि मग मारतो, असं आम्हाला वाटायचं.

आणि मी? मी गुण लिहायचो. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी सुरू होऊन त्याच दुपारी संपली होती. पण संघाला मॅनेजर लागतो, टेबलाशी बसून वही सांभाळणारा लागतो, कोणाची सर्व्हिस कोणानंतर ते डोक्यात ठेवणारा लागतो. ते मी ठेवत आलो. कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. काय आलं, काय गेलं, कोणी नेलं हे मला विसरता येत नाही. रागाच्या बाबतीतही हेच झालं.

सेक्रेटरी पुण्याच्या कॉलेजचा. लीग सुरू करणारे आम्ही दोघंच. त्याच्याही आधी, रुवीतल्या एका खोलीत आम्ही तीन वर्षं शेजारच्या खाटांवर काढली होती. मी स्वयंपाक करायचो, तो भांडी घासायचा. तो फोरमनच्या व्हिसावर आला होता, कारण त्याची डिग्री पुरी झालेली नव्हती. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. उशीखाली हायड्रॉलिक्सचं पुस्तक असायचं. "या डिसेंबरला जातो आणि देऊन येतो," असं तो दर जूनमध्ये म्हणायचा. डिसेंबरात एकतर सुट्टी मिळायची नाही, नाहीतर मिळाली की त्याच्या घरी कोणाचं तरी लग्न निघायचं. मी तेव्हा फर्स्ट क्लासवाला. त्याला चिडवायला मी माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट एकदा स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवून ठेवलं होतं. वर फोडणी उडाली, तो हळदीचा डाग अजून आहे.

पुढं त्यानं कंपन्या बदलल्या, मॅनेजर झाला, बौशरला राहायला गेला. मी माबेल्याला. लीगचा सेक्रेटरी मात्र तोच राहिला, कारण त्याला मेसेज लिहिता येतात.

बांगडे तळून झाल्यावर मी त्याला फोन केला.

"अरे, तसं काही नाहीये," तो म्हणाला. तसं म्हणजे कसं, ते मी अजून विचारलंही नव्हतं. "दाक्षिणात्य इंजिनियरिंग कॉलेजांची मोठी लीग आहे ना, त्यांनी आम्हाला घेतलंय. पुणे, मुंबई, सांगली. इनडोअर हॉल आहे रे. लाकडी फ्लोअर. त्यांचा स्पॉन्सर आहे."

"मग आम्हाला का नाही?"

"आता कसं सांगू तुला. तिकडे सगळे डिग्रीवाले आहेत. लेव्हलचा प्रश्न आहे."

"आणि विदर्भ? ते डिग्रीवालेच आहेत."

"त्यांचे सहा प्लेअर जमत नाहीत कधी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी म्हटलं, छे, मनाला कशाला लावून घेतोय. फोन ठेवला आणि मनाला लावून घेतलं.

लेव्हल. उशीखाली पुस्तक ठेवून झोपणारा माणूस मला लेव्हल सांगत होता. माबेल्याहून माझं ऑफिस गाडीनं तासभर. रोज जाताना एक भाषण, येताना दुसरं, असं मी वर्षभर त्याला ऐकवलं. गाडीत मी फार चांगला बोलतो. बर्काच्या बाजूनं येणारी ट्रकची रांग थांबली की माझ्या भाषणाला टाळ्या पडल्यासारखं वाटायचं. एकदा लाल दिव्यापाशी शेजारच्या गाडीतल्या ओमानी आजोबांनी काच खाली करून मला हातानं विचारलं, सगळं ठीक ना? मी छातीवर हात ठेवून मान हलवली. दिवा हिरवा झाला, मी परत सुरू.

कॅप्टनला मात्र राग येईना. याचाही मला राग.

"दादा, सोडा ना," तो म्हणाला. "नेट आपलाच हाय, जागा आपलीच हाय. ते गेले. आपण काय गेलो?"

"त्यांनी उरलेले म्हटलंय आपल्याला."

"मग उरलोच ना. खोटं काय बोलले?" आणि त्यानं फोन काढून इब्रीला लावला.

इब्रीत त्याच्या ओळखीची पोरं होती. टायरवाले, एसी दुरुस्तीवाले, कपड्याच्या दुकानातले, बहुतेक चिपळूण-खेडकडच्या आयटीआयचे. त्यांना लीगमध्ये घेतलं. मग सीबच्या हॉटेलांत काम करणाऱ्या, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्यांचा एक संघ आला. त्यांना शुक्रवारीच सगळ्यात जास्त काम, त्यामुळे ते एकतर यायचे नाहीत किंवा चार जण यायचे आणि सोबत कटलेट आणायचे. विदर्भवाले होतेच. झाली चार संघांची लीग. इब्रीवाले अडीच तास गाडी चालवून यायचे आणि उतरल्या उतरल्या, पाय मोकळे न करता, आम्हाला हरवून परत जायचे. तशी मजा होती. पण मी वहीत गुण लिहिताना सारखा तिकडच्या लाकडी फ्लोअरचा विचार करत असे.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर सेक्रेटरीचा फोन आला. आवाज मधासारखा. मोठ्या लीगमधलं एक कॉलेज गळालं होतं. त्या संघातले सगळे एकाच कंपनीतले, प्रोजेक्ट संपला, खलास, निम्मे केरळला आणि निम्मे सौदीला गेले. स्पॉन्सरचा बॅनर आठ संघांचा छापून झालेला.

"गेस्ट टीम म्हणून येता का? एका सीझनपुरतं. पहिली मॅच आमच्याशीच आहे. जुनी मजा येईल."

"लेव्हलचं काय?"

तो हसला. "तू अजून तिथंच आहेस होय."

होतो. अगदी तिथंच होतो. मी म्हटलं, येतो.

कॅप्टनला सांगितलं तेव्हा तो दुकानात फॅनखाली उभा होता. एवढा शांत माणूस, पण त्यानं आधी विचारलं ते फ्लोअरबद्दल. "लाकडाचा खरंच? मंजे उडी मारली की गुडघ्याला लागत नाय?" त्याचे गुडघे दोन वर्षांपासून बोलायला लागले होते. "एक सीझन तसल्यावर मिळाला तर बास. मग सोडली तरी चालंल." त्यानं त्याच दिवशी नवे बूट घेतले. मी ते पाहिलं आणि विसरलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

मोठ्या लीगची बैठक घुब्रातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरली. आठ कॉलेजांची सोळा माणसं, सगळ्यांपुढे चहा. सेक्रेटरीनं आमची ओळख 'आमचे जुने मित्र' अशी करून दिली. मी उठलो. वर्षभर गाडीत सराव केलेला आवाज लावला. म्हटलं, आम्ही पाहुणे आहोत, डिप्लोमावाले आहोत, उद्या कोणी लेव्हलवरून बोट दाखवू नये, म्हणून माझी एक सूचना आहे. ज्याचं नाव संघाच्या यादीत आहे, मग तो खेळाडू असो, राखीव असो, मॅनेजर असो की सेक्रेटरी, त्यानं आपल्या कॉलेजचं शेवटच्या परीक्षेचं सर्टिफिकेट मॅचच्या दिवशी दाखवावं. मूळ प्रत. वकिलातीच्या शिक्क्यासकट.

इंजिनियर लोकांना कागद फार आवडतात. इथं आलेल्या प्रत्येकाच्या कपाटात पासपोर्टशेजारी एक प्लास्टिकची फाइल असते, आत शिक्के मारून मारून जड झालेली सर्टिफिकेटं असतात, आणि व्हिसाचं काम झाल्यावर ती कोणी बघत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. "व्हेरी गुड सजेशन," कोणीतरी म्हणालं. मी फक्त सेक्रेटरीकडे बघत होतो. तो चहा ढवळत होता. त्यात साखर घातलेली नव्हती, तरी ढवळतच होता. डोळे खाली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा भात घेतला.

"कोणाचं वाटोळं करून आलात?" बायकोनं विचारलं.

"का? भूक लागू नये माणसाला?"

"लागावी की. पण तुम्ही शीळ घालत जिना चढलात. लिफ्ट चालू असताना."

नियम लेखी द्यायचा होता. मी सांगत गेलो, मुलीनं टाइप केलं. 'ज्याच्याकडे कागद नाही तो मैदानात उतरणार नाही.' ती थांबली. "बाबा, हे खूप रूड वाटते. 'प्लीज' घालू?"

"प्लीज नको."

"एक 'काइंडली' तरी?"

"नको. असंच पाठव."

पाठवलं. नियम पास झाला. खाली माझं नाव.

मग मी आमच्या संघाच्या फाइली गोळा करायला लागलो. एकेकानं आणून दिल्या. कोणाचं सर्टिफिकेट पावसात भिजलेलं, कोणाच्या फोटोत एवढे केस की ओळख पटेना. माझं मी पहिलं ठेवलं, हळदीच्या डागासकट. दोन शुक्रवार गेले, कॅप्टनची फाइल येईना. "आणतो दादा," म्हणायचा. कॅप्टन 'आणतो' म्हणाला आणि आणलं नाही असं आजवर झालं नव्हतं, म्हणून मी शनिवारी सीबला त्याच्या दुकानात गेलो. तो कोणाला तरी पाइप कापून देत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी एका सिमेंटच्या पोत्यावर बसलो.

"फाइल न्यायला आलोय."

त्यानं हात पुसले. "दादा, नाय हाय फाइल."

"हरवली? गावाहून मागवू या. ऑफिसला अर्ज केला की डुप्लिकेट..."

"हरवायला असायला पायजे ना. माझा सेकंड इयरच पुरा नाय झालेला. अब्बा गेले, चाचानं इकडे बोलावलान. परीक्षेला दीड महिना होता. मी सोडून आलो."



"इतक्या वर्षांत कधी..."

"तुम्ही कधी विचारलंत?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला लागलं. "तुम्ही विचारलंत, व्हॉलीबॉल खेळतोस का. मी बोललो, खेळतो. पॉलिटेक्निकला होतास का. बोललो, होतो. दोन्ही खरं हाय."

आमच्या जुन्या लीगमध्ये एक वर्ष त्या कॉलेजात शिकला असला की पुरे होतं. तो नियमही मीच लिहिला होता, जास्त माणसं मिळावीत म्हणून.

"तुम्ही आता लिवलंत ते बरोबरच हाय," तो म्हणाला. "माझ्या जागी आपल्याच कॉलेजच्या त्या एसीवाल्याला घ्या. त्याला उडी हाय."

बुटांचा खोका काउंटरखाली होता. झाकणावर पाइपचा भुसा उडू नये म्हणून वर वर्तमानपत्र टाकलेलं.

आता इथं मी भला माणूस असतो तर तडक उठलो असतो. मी उठलो नाही. खरं सांगतो, तीन दिवस मी हिशेब मांडत होतो, की कॅप्टनला एक मॅच बाहेर बसवून सेक्रेटरीला भर हॉलमध्ये, सोळा माणसांपुढे, स्पॉन्सरच्या बॅनरखाली कागद नाही म्हणून उठवता येत असेल, तर तो सौदा कसा आहे. गाडीत दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं. जाताना सौदा चांगला वाटायचा. येताना सीबचा फाटा यायचा.

नियम मागं घ्यायचा तर तो सेक्रेटरीच घेऊ शकत होता, कारण मोठ्या लीगचं कामकाजही आता त्याच्याचकडे होतं. म्हणजे ज्याची मान मी धरली होती त्याच्याकडेच जाऊन म्हणायचं, सोड बाबा. तोही सुटणार. वर्षभराचा माझा राग, इतका जपून वाढवलेला, फुकट.

चौथ्या दिवशी कॅप्टनला फोन केला. "सेक्रेटरीला तुझं सांगितलं तर चालेल?"

"सांगा. चोरी थोडीच केली हाय. पण हात जोडू नका त्याला."

शुक्रवारी सकाळी मी बौशरला गेलो. सेक्रेटरीनं दार उघडलं आणि मला पाहून त्याचा चेहरा असा फुलला की मी मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय ते.

"ये, ये. मी तुलाच फोन करणार होतो. बस." तो आत गेला आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आला. कोरी. ती त्यानं माझ्यापुढे टीपॉयवर ठेवली आणि स्वतः उभाच राहिला. "उघड ना."

मी उघडली. डिग्रीचं सर्टिफिकेट. विद्यापीठाचा शिक्का, मागं वकिलातीचा शिक्का, सगळं.

"सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "विद्यापीठानं आमच्यासारख्या जुन्या लोकांना एक शेवटची संधी दिली होती. आईचं ऑपरेशन आहे सांगून सुट्टी टाकली. माझ्या बाकाशेजारी बसलेली पोरं मला सुपरवायझर समजून पाणी प्यायला जायची परवानगी विचारत होती. दोन्ही विषय निघाले."

"कोणाला बोलला नाहीस?"

"काय बोलणार? ऑफिसात सगळ्यांना वाटतं माझी डिग्री पहिल्यापासूनच आहे. मुलांना वाटतं. कोणाला दाखवू? बायकोनं पाहिलं आणि कपाटात ठेवलं. आणि तू त्या दिवशी उठून ते बोललास." त्यानं फाइल माझ्याकडे जरा सरकवली. "रुवीच्या खोलीतलं तुला सगळं माहीत. मला वाटलं, तुला कुठून तरी कळलं असणार, मी पास झालो ते. चारचौघांत दाखवायला मिळावं म्हणून केलंस ना तू? मला तर त्या दिवशी चहासुद्धा गेला नाही."

माझ्या सुडाची ही अवस्था. मी धोंडा घेऊन गेलो होतो, आणि यानं त्याला हार घालून देव्हाऱ्यात बसवलं होतं. सबंध नियम उभा केला, आणि त्यात सापडला फक्त माझा कॅप्टन.

वहिनी शिरा घेऊन आल्या. मी दोन चमचे खाल्ला आणि म्हटलं, "तो नियम मागं घे."

"का?"

सांगितलं. कॅप्टनचं, परीक्षेचं, लाकडी फ्लोअरचं, बुटांचं. हात जोडले नाहीत. ऐकता ऐकता सेक्रेटरी फाइलवरून हात फिरवत होता. मग त्यानं ती बंद केली.

"म्हणजे कोणीच दाखवायचं नाही."

"नाही."

"स्टेजवर टेबल मांडणार होते रे. एकेकाचं नाव पुकारून. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय."

आणि इथं, मी कबूल करतो, मला बरं वाटलं. ज्या दुखण्यासाठी वर्षभर सराव केला होता ते अखेर त्याच्या चेहऱ्यावर आलं, तेही मी सूड सोडायला गेलो तेव्हा. चांगली दोन मिनिटं बरं वाटलं. मग मी शिऱ्याची बशी टीपॉयवर ठेवली.

"बघतो," तो म्हणाला. आणि त्याच दुपारी मेसेज आला. जागेच्या अडचणीमुळे कागदपत्रांची तपासणी रद्द. चांगलं इंग्रजी. त्याला मेसेज लिहिता येतात.

मॅचच्या दिवशी हॉलमध्ये एवढा गारवा होता की माझ्या पेनातून शाई उतरेना. फ्लोअर खरंच लाकडी. कॅप्टन आत आला, बूट घातले, एक उडी जागच्या जागी मारून पाहिली आणि आमच्याकडे वळून नुसता हसला. पुणेवाल्यांच्या संघात सगळी पंचविशी-तिशीतली पोरं. सेक्रेटरी आमच्या जुन्या लीगमध्ये लिफ्टर म्हणून, स्मॅशवाल्याला चेंडू वर उचलून देणारा म्हणून, खेळायचा. इथं त्याचं नाव यादीत होतं, पण बाकावर. मी बाजूच्याला विचारलं तेव्हा कळलं, मोठ्या लीगच्या अख्ख्या वर्षात त्याला एकदाही उतरवलेलं नव्हतं.

पहिला सेट त्यांनी घेतला. दुसऱ्यात कॅप्टन वर जाऊन थांबायला लागला. त्यांच्या ब्लॉकवाल्या पोरांना कळेना, हा खाली कधी येणार. दुसरा सेट आमचा. तिसरा सुरू झाला तेव्हा सेक्रेटरी बाकावरून उठून माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मांडीवर प्लास्टिकची फाइल.

मी गुण लिहीत राहिलो. आठ-आठ. नऊ-आठ. तो फाइल उघडेना.

"दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"नियम मी आणला होता ना. मला तरी दाखव."

त्यानं उघडली. मी डाव्या हातानं पानं उलटली. नाव, बैठक क्रमांक, शिक्का, मागचा शिक्का. व्हिसाच्या खिडकीतला कारकून बघतो तसं सावकाश. तेवढ्यात कॅप्टनचा एक स्मॅश त्यांच्या शेवटच्या रेषेवर बसला आणि हॉलभर आवाज घुमला. तो गुण मी लिहिला, मग परत कागदाकडे आलो.

"सेकंड क्लास," मी मोठ्यानं वाचलं. "माझा डिप्लोमा फर्स्ट क्लास आहे. तुला माहीत असेलच."

"हळदीचा डाग गेला का त्याचा?"

"नाही."

तो हसला. मी नाही हसलो. म्हणजे वहीत तोंड घालून हसलो.

तिसरा सेट आम्ही पंधरा-तेरानं हरलो. शेवटचा चेंडू कॅप्टननंच मारला होता, बोटभर बाहेर गेला. तो खाली बसला, दोन्ही तळवे फ्लोअरवर ठेवून, एखाद्याच्या पाठीवर ठेवावेत तसे. मी तेरा लिहिलं, पंधरा लिहिलं, खाली सही केली. आपण हरलो हे स्वच्छ अक्षरात लिहिताना मला फार त्रास होतो, पण लिहिलं.

सेक्रेटरी फाइल बंद करून उभा राहिला. जाईना. कॅप्टन बूट काढून खोक्यात ठेवत होता, त्याच्याकडे बघत राहिला.

"हा सीझन संपला की," तो म्हणाला, "माबेल्याला लावताय ना नेट? शुक्रवारचं?"

"लावतो. इब्रीवाले येतात, हॉटेलवाले येतात."

"मी येऊ का? इथं काय, बसूनच असतो. लिफ्टर लागतच असेल तुम्हाला."

लागत होता. दोन महिन्यांपासून आमच्याकडे धड लिफ्टर नव्हता. मी वही मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि वर्षभरात गाडीत म्हटलेल्या सगळ्या भाषणांतलं एकच वाक्य निवडलं.

"आता कसं सांगू तुला," मी म्हटलं. "लेव्हलचा प्रश्न आहे."

त्याचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात कॅप्टन खोका काखेत मारून आला आणि मागनं म्हणाला, "यल्ला दादा, चला. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही पण चला. जाताना कटलेट खाऊ."

सगळं त्यानं बिघडवलं. पण मधली दहा-बारा सेकंद माझी होती. ती मी अजून कोणाला दिलेली नाहीत.